घड्याळाचा विषय तहकूब

माझ्या पीएचडीचा विषय बाबा कुणालाही नीट सांगत नसत. "ईप्सिता जर्मनीत असते, संशोधन करते," इथवर सांगून ते चहाचा कप तोंडाला लावत. समोरचा चिवट निघाला आणि त्यानं "कशात?" असं विचारलंच, तर घरात कुणाला तरी मधुमेह आहे असं सांगावं तशा आवाजात म्हणत, "इतिहासात." पुढचं ते सांगतच नसत. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत पोलंडमधल्या एका तेरा हजार वस्तीच्या गावाची नगरपालिका कशी चालली, यावर आपली एकुलती एक मुलगी कोलोनला बसून चार वर्षं डोकं खपवते आहे, हे वाक्य त्यांच्या तोंडून पुरं होत नसे.

तसा यात थोडा दोष कोल्हापूरचा. एम.ए.ला असताना मी तिथल्या वळिवड्याच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीवर प्रबंध लिहिला आणि त्यासाठी पोलिश शिकले. ती भाषा शिकायला इतके कष्ट पडतात की मग ती वाया घालवणं जिवावर येतं.

खरं म्हणजे माझा विषय बाबांना जवळचा वाटायला हवा होता. श्यामकांत सबनीस आमच्या तालुक्याच्या नगरपालिकेत चौतीस वर्षं नोकरीला होते, त्यातली शेवटची अठरा कार्यालय अधीक्षक म्हणून. सभेची विषयपत्रिका काढायची, सभेला बसायचं, इतिवृत्त लिहायचं, पुढच्या सभेत ते वाचून कायम करून घ्यायचं. पण त्यांचं म्हणणं एकच, "नगरपालिका ही काय अभ्यासायची गोष्ट आहे? ती सोसायची गोष्ट आहे."

या जूनमध्ये आई-बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे आले. कोलोनमधल्या झ्युल्झ भागात, विद्यापीठापासून चालत बारा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. पहिल्या आठवड्यात कॅथीड्रल झालं, ऱ्हाईन झाली. बाबा दोन्हींना "चांगलं आहे" म्हणाले. आईनं कचऱ्याच्या चार डब्यांचे नियम दोन दिवसांत पाठ केले आणि तिसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या हेर फोग्टना, निळ्या डब्यात पिझ्झाचं तेलकट खोकं टाकल्याबद्दल, खुणेनं बोलली. तिचं छान चाललं होतं. कंटाळले ते बाबा. ते गॅलरीत उभं राहून समोरच्या रस्त्यावर चाललेलं जलवाहिनीचं खोदकाम बघत बसत. "नऊ दिवस झाले," ते एकदा मला म्हणाले, "खड्डा तोच आहे, माणसं बदलतायत." आवाजात समाधान होतं.

मी तेव्हा तिसऱ्या प्रकरणात अडकले होते. माझ्या गावाचं नाव ग्झेंदोव्येत्स. बाबांनी ते तीनदा म्हणून पाहिलं, चौथ्यांदा त्याचं गजेंद्रवाडी केलं आणि प्रश्न मिटवला. तर या गजेंद्रवाडीच्या नगरपालिकेचे १९२४ पासून १९३९ पर्यंतची सगळी इतिवृत्तं शिल्लक आहेत. चौदाशे पानं, सगळी स्कॅन करून माझ्या लॅपटॉपवर. गावात पोलिश होते, ज्यू होते, जर्मन होते, आणि सभेत तिघांचेही सदस्य होते. टाऊन हॉलचं घड्याळ १९२३ मध्ये चार वाजून वीस मिनिटांवर बंद पडलं होतं. ते दुरुस्त करायचा विषय पहिल्या सभेपासून होता आणि प्रत्येक वेळी त्यावर रण माजायचं. जर्मन सदस्य क्राउझे म्हणायचे, घड्याळ माझ्या आजोबांच्या कारखान्यात बनलंय, दुरुस्त आम्हीच करणार. पोलिश सदस्य नोवित्स्की म्हणायचे, देश स्वतंत्र झालाय, आधी तबकडीवर पोलंडचा पांढरा गरुड बसवा. ज्यू सदस्य लेव्हकोविच म्हणायचे, तीन बाजूंना तबकड्या आहेत, बाजाराच्या बाजूलाच का नाही, आधी ती करा. दीड-दोन तास हे चालायचं आणि शेवटी एक शब्द, 'ओद्रोचोनो'. पुढे ढकलला.

यावर मी प्रकरण लिहिलं होतं. थांबलेलं घड्याळ, दुभंगलेलं गाव, अशा धर्तीचं. माझ्या गाइड प्रोफेसर ओस्टरकाम्प यांना ते फार आवडलं होतं. पण शेवटी त्यांनी पेन्सिलीनं एक प्रश्न लिहिला होता: 'ज्या माणसांचं घड्याळावर एकमत होत नाही, त्यांचंच भुयारी गटार, शाळा आणि दवाखान्याची वीज यांवर एकमत कसं होतं?' त्या एका प्रश्नानं चार महिने खाल्ले होते.

त्या दिवशी दुपारी मी टेबलाशी बसून एकेक सभा तपासत होते आणि नकळत मोठ्यानं पुटपुटत होते, "तहकूब... तहकूब... परत तहकूब."

गॅलरीतून बाबांची मान वळली. "काय तहकूब?"

"काही नाही बाबा. घड्याळ."

"कितव्यांदा?"

"त्रेपन्नाव्यांदा."

बाबा आत आले. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि चष्मा पुसला. पुसून झाल्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला तो चार वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. "विषय क्रमांक काय?"

"म्हणजे?"

"विषयपत्रिकेवर कितवा होता? पहिला, मधला, शेवटचा?"

मी माझा तक्ता उघडला. त्यात कोण बोललं, कुठल्या भाषेत बोललं, कुठल्या धर्माचं होतं, मत कुणाला दिलं, सगळं होतं. क्रमांक नव्हता. तो मला महत्त्वाचा वाटलाच नव्हता. मी मूळ पानं उघडून बघायला लागले. एक. एक. एक. पुढची सभा, एक. त्रेपन्न सभांपैकी एक्कावन्न वेळा घड्याळ पहिल्या क्रमांकावर होतं.

"आणि दोन नंबरला?" बाबा.

"या सभेत गटार. दुसरा टप्पा."

"काय झालं त्याचं?"

"मंजूर. एकमताने."

"चर्चा?"

"चर्चेविना."

"तीन?"

"शाळेची इमारत. मंजूर, एकमताने, चर्चेविना. चारही तसाच."

बाबा हसले. कुस्तीच्या फडात आपल्या तालमीचा पठ्ठ्या अचानक ओळखावा तसं ते हसू होतं. "वा! खंदा माणूस आहे."

"कोण?"

"विषयपत्रिका कोण काढायचं?"

मी पानाच्या तळाशी बघितलं. सोळा वर्षं एकच सही होती, सरळ, बारीक, खाली एक रेघ. तेओफिल स्कोव्रोन, नगर सचिव. तोपर्यंत मी त्यांच्याकडे शाई आणि कागदाइतकंच लक्ष दिलं होतं.

"तेओफिलराव," बाबा म्हणाले. त्यांनी लगेच राव लावलं.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. "हे बघ ईप्सू, सभेला सदस्य येतो तो भांडायला येतो. मागे त्याच्या वॉर्डातली माणसं बसलेली असतात, कोपऱ्यात वार्ताहर असतो. न भांडता घरी गेला तर त्याला तोंड दाखवता येत नाही. मग त्याला भांडायला काहीतरी द्यावं लागतं. असं काहीतरी, की ज्यावर प्रत्येकाला मत आहे आणि जे झालं नाही तरी कुणाचं अडत नाही. ते टाकायचं एक नंबरला. दीड तास भांडू द्यायचं. घसे बसले, चहा झाला, घरची आठवण यायला लागली, की दोन ते नऊ विषय वाचायचे. मंजूर, मंजूर, मंजूर. गटाराला आधी हात लावू दिला असतास ना, तर ते माझ्या गल्लीतून की तुझ्या गल्लीतून, यात वीस वर्षं गेली असती."

"म्हणजे घड्याळ मुद्दामच दुरुस्त होऊ दिलं नाही?"

"झालं असतं तर पुढच्या सभेला काय दिलं असतं त्यांना?"

"पण बाबा, तुम्हाला हे इतकं कसं माहीत?"

"आमच्याकडे कारंजं होतं ना!" बाबा उत्साहात म्हणाले.

स्वयंपाकघरात आई कोथिंबीर चिरत होती. तो आवाज थांबला.

"काय म्हणालात?" आई दारात आली.

बाबांच्या लक्षात आलं, पण उशिरा. आमच्या गावच्या बागेत मधोमध एक कोरडा गोल होता. तिथं कारंजं होणार होतं. माझ्या लहानपणी आई दर रविवारी मला त्या बागेत न्यायची, आम्ही दोघी त्या गोलाच्या कठड्यावर बसून भेळ खायचो आणि कारंजं झाल्यावर पाणी किती उंच उडेल याचा अंदाज करायचो. घरी आल्यावर आई विचारायची आणि बाबा पेपरातून मान वर न करता सांगायचे, "सभेत आहे."

"अहो, अकरा वर्षं!" आई म्हणाली. "अकरा वर्षं तुम्ही मला सांगत होतात सभेत आहे, सभेत आहे!"

"होतंच की सभेत. एक नंबरला."

"मी महिला मंडळात सांगत होते, आमचे हे त्याच्या मागे लागलेत म्हणून!"

"मागेच लागलो होतो, अगं. पुढे जाऊ देत नव्हतो एवढंच. हे बघ, त्या अकरा वर्षांत दुसरी पाण्याची टाकी झाली, मुलींच्या शाळेला छप्पर झालं, दवाखान्याला..."

"छपरावर कोण भांडणार होतं?"

"सगळे," बाबा शांतपणे म्हणाले. "तू सभा पाहिली नाहीस, सुधा."

यावर आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. निरोप माझ्यामार्फत जात. "तुझ्या बाबांना सांग, आमटी वाढून हवी असेल तर विषयपत्रिकेवर घ्यावी लागेल." बाबांनी पुढचीही हकिकत सांगून टाकली, ती सांगायची काहीच गरज नव्हती. ते निवृत्त झाल्यावर नव्या अधीक्षकानं कारंजं सातव्या क्रमांकावर घेतलं. महिन्यात मंजूर झालं, वर्षात उभं राहिलं, नऊ दिवस चाललं आणि बंद पडलं. तेव्हापासून सभा पहिल्याच विषयाला उधळतात. हे ऐकून आईचा राग कमी झाला नाही. "नऊ दिवस तरी चाललं ना!" ती मला म्हणाली. बाबा समोरच बसले होते.

मी प्रोफेसर ओस्टरकाम्पना जाऊन भेटले. उंच, पांढऱ्या केसांच्या, अतिशय नेमकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "कल्पना सुंदर आहे, फ्राउ सबनीस. पुरावा?"

पुरावा नव्हता. मी तोंड पाडून घरी आले. बाबांनी ऐकलं आणि जराही न डगमगता म्हणाले, "रजा बघ."

"कसली रजा?"

"सोळा वर्षांत तेओफिलराव कधीतरी आजारी पडले असतील की नाही? ते नसताना सभेत काय झालं ते बघ. माणसाचं काम तो रजेवर गेल्यावर कळतं."

कर्मचाऱ्यांच्या कागदांचं एक फोल्डर माझ्याकडे होतं. चार वर्षांत ते मी एकदाही उघडलं नव्हतं. सबंध शनिवार आम्ही दोघं त्यात बसलो. बाबांना पोलिशचं अक्षर कळत नव्हतं, पण कागदाचा नुसता आकार बघून ते म्हणत, "हा बदलीचा आहे. हा तक्रारअर्ज. हा बघ, हा रजेचा, माणूस रजा मागताना समास जास्त सोडतो." आणि खरंच तो रजेचा अर्ज होता. मार्च १९२९, पित्ताशयाची शस्त्रक्रिया, पाच आठवडे.

त्या पाच आठवड्यांत एकच सभा झाली होती, माझ्या तक्त्यातून निसटलेली. विषयपत्रिका उपसचिवांनी काढली होती. हे गृहस्थ नव्यानं आलेले आणि फार टापटिपीचे असावेत, कारण त्यांनी सगळे विषय अकारविल्हे, म्हणजे पोलिश वर्णक्रमानं लावले होते. पोलिशमध्ये गटाराला म्हणतात 'कानालिझात्स्या'. ते वर आलं. घड्याळाला म्हणतात 'झेगार'. पोलिश वर्णमालेत झ शेवटी. घड्याळ तळाशी गेलं.

"अरे देवा!" बाबांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "वाच, वाच."

मी वाचायला लागले. गटाराच्या तिसऱ्या टप्प्यावर सदस्य ताज्या घशानं तुटून पडले. क्राउझे, नोवित्स्की आणि लेव्हकोविच यांच्यात सव्वातीन तास चर्चा झाली. 'चर्चेच्या ओघात एक दौत टेबलावरून हलली,' असं इतिवृत्तात लिहिलं होतं, 'आणि सदस्य नोवित्स्की यांचं जाकीट निकामी झालं.'

"हलली म्हणे! फेकली," बाबा म्हणाले. "पुढं?"

"गटार नामंजूर. शाळेचं कुंपण नामंजूर. रस्त्याचे दिवे, सभात्याग. आणि शेवटचा विषय, घड्याळ..." मी थांबले. मला पुढचं आधी डोळ्यांनी दिसलं आणि हसू आवरेना.

"काय? काय झालं?"

"मंजूर, बाबा. एकमताने. चर्चेविना."

बाबा इतके हसले की खालून हेर फोग्टनी छताला काठी लावली; शनिवार दुपारची दीड ते तीन ही आमच्या इमारतीची शांततेची वेळ आहे. आईसुद्धा दारात येऊन उभी राहिली. "आल्यावर काय झालं असेल हो बिचाऱ्याचं?" ती म्हणाली. दोन दिवसांत ती थेट बाबांशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

आल्यावर तेओफिलरावांनी काय केलं तेही होतं. पुढच्या सभेच्या सुरुवातीला त्यांनी एक टिपण वाचलं: मागील सभेत शेवटच्या विषयाच्या वेळी सभागृहात अकराच सदस्य हजर होते, गणपूर्तीला तेरा लागतात, सबब घड्याळाचा ठराव रद्द समजण्यात यावा. मग नवी विषयपत्रिका. विषय एक, घड्याळ. तहकूब. विषय दोन, गटार, तिसरा टप्पा. मंजूर, एकमताने, चर्चेविना.

बाबांनी स्क्रीनवरच्या त्या सहीला हात जोडले.

ओस्टरकाम्पबाईंना मी हे सगळं मेल केलं. एरवी तीन आठवड्यांनी येणारं त्यांचं उत्तर वीस मिनिटांत आलं. जुलैच्या कोलोक्वियममध्ये, म्हणजे आमच्या संस्थेच्या दर महिन्याच्या चर्चासत्रात, हे प्रकरण मांडा. आणि वडिलांना घेऊन या.

त्याआधी शेवटचं बाड राहिलं होतं, १९३९ चं. ते मी बाबांना दाखवायचं टाळत होते. एका सकाळी त्यांनीच विचारलं, "तेओफिलरावांची शेवटची सभा कुठली?"

"अठ्ठावीस ऑगस्ट एकोणचाळीस," मी म्हणाले. "चार दिवसांनी युद्ध लागलं."

"वाच."

"विषय एक, घड्याळ." मी पान वर सरकवलं. "मंजूर. एकमताने. चर्चेविना. दुरुस्ती क्राउझे करतील, तबकडीवर गरुड असेल, बाजाराच्या बाजूला नवी तबकडी बसेल. तिघांचंही सगळं मान्य."

बाबा स्क्रीनकडे झुकले. मग घाईघाईनं म्हणाले, "गणपूर्ती होती का? ती बघ."

"होती, बाबा. चोवीसच्या चोवीस हजर होते."

त्यांनी चष्मा काढला. "चोवीसच्या चोवीस कधीच हजर नसतात, ईप्सू," ते म्हणाले. "घाबरली होती माणसं."

मग मी त्यांना उरलेलं सांगितलं. घड्याळ झालं नाही. लेव्हकोविच, त्यांचं घर आणि गावातली जवळजवळ सगळी ज्यू माणसं पुढच्या तीन वर्षांत मारली गेली. नोवित्स्कींना पहिल्याच महिन्यात गोळी घातली. क्राउझे युद्धात कुठल्या बाजूनं काय वागले ते मला अजून नक्की कळलेलं नाही. पंचेचाळीसमध्ये जर्मन लोक गाव सोडून पश्चिमेकडे आले त्यात त्यांचं कुटुंब होतं. तेओफिलरावांना ऑक्टोबरमध्ये अटक झाली, पुढं कागद नाही.

आई कधी येऊन बसली होती ते आम्हाला कळलं नव्हतं. तिनं तिघांना चहा ओतला. त्या दिवशी गजेंद्रवाडीवर कुणी विनोद केला नाही.

कोलोक्वियमला बाबा माझ्या मामेभावाच्या लग्नात शिवलेला सूट घालून आले. पंधरा-वीस माणसं होती. पोलंडहून, वूच विद्यापीठातून, डॉक्टर हलिना बोरूत्स्का म्हणून एक बाई मुद्दाम आल्या होत्या. त्या भागाच्या इतिहासातल्या जाणत्या. मी मांडणी केली. अकारविल्ह्याच्या सभेला हशा झाला. मग बोरूत्स्का उभ्या राहिल्या आणि हशा थांबला.

"हे ऐकायला गोड आहे," त्या म्हणाल्या. "पण त्या गावात लोक एकमेकांचा खरंच द्वेष करत होते. दुकानांवर बहिष्कार होते, काचा फुटल्या होत्या. त्याचं तुम्ही विनोदी नाटक करताय. सगळे आतून एकत्र होते, असं तुम्हाला म्हणायचंय का?"

मी गडबडले. बाबांनी विचारलं, "काय म्हणतायत?" मी सांगितलं. ते उठून उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि मराठीत बोलले. मी एकेक वाक्य जर्मनमध्ये सांगत गेले.

"बाईंचं बरोबर आहे. त्यांचं एकमेकांवर प्रेम होतं असं मी म्हटलं नाही. चौतीस वर्षं मी सभेला बसलो, प्रेम मी कधी पाहिलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की गटार झालं. ते द्वेष करणाऱ्या माणसांकडूनच करून घ्यावं लागतं, दुसरी माणसं मिळत नाहीत. आणि ते करून घेणारा माणूस एक चांगला कारकून होता. त्याचं नाव पुस्तकात यावं."

मग बोरूत्स्काबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "गटार अजून आहे. मागच्या वर्षी मी तिथं गेले होते. चालू आहे."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं ओस्टरकाम्पबाई म्हणाल्या, आणि सगळे परत हसले.

सत्र संपल्यावर बाबांनी खिशातून चार पानं काढली. त्यांनी कोलोक्वियमचं इतिवृत्त लिहून काढलं होतं, मराठीत, उपस्थितांच्या संख्येसह. मला सूचक केलं होतं, बोरूत्स्काबाईंना हरकत घेणाऱ्या सदस्या. "अध्यक्षांची सही हवी," ते म्हणाले. मी लाजेनं अर्धमेली झाले. ओस्टरकाम्पबाईंनी मात्र पेन काढून गंभीरपणे सही केली आणि खाली तारीख घातली.

आम्ही बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो. तिथल्या फळ्यावर संस्थेच्या पुढच्या बैठकीची विषयपत्रिका लावली होती. बाबांना जर्मन येत नाही, पण विषयपत्रिका त्यांना लांबूनच कळते. ते तिच्यापाशी थांबले. "एक नंबरला काय आहे?"

मी वाचलं. "कॉफी मशीन. नवं कुठलं घ्यायचं."

"किती दिवस चाललंय?"

मी आठवलं. मी कोलोनला आले तेव्हापासून कॉफी मशीनवर वाद होता. डॉक्टरेटवाल्यांना दळणारं हवं होतं, प्राध्यापकांना कॅप्सूलवालं, ग्रंथपालांना मशीनच नको होतं. गेल्या हिवाळ्यात यावरून दोन प्राध्यापक एकमेकांशी बोलेनासे झाले होते. "चार वर्षं," मी म्हणाले.

"आणि दोन नंबरला?"

"पुढच्या वर्षीच्या शिष्यवृत्त्यांचं वाटप."

बाबांनी सावकाश मान वळवली. ओस्टरकाम्पबाई मागेच उभ्या होत्या. ती विषयपत्रिका त्याच काढतात. आमची मराठी त्यांना कळली नव्हती, पण बाबांचं बोट कुठल्या ओळीवर आहे ते त्यांना दिसत होतं. त्या कानापर्यंत लाल झाल्या. आजूबाजूला कुणी नाही हे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "फ्राउ सबनीस, तुमच्या वडिलांना सांगा, हे आपल्या तिघांत राहू दे."

मी सांगितलं. बाबांनी छातीवर हात ठेवला आणि थोडं झुकून त्यांना नमस्कार केला. एका खात्यातल्या माणसानं दुसऱ्या गावच्या त्याच खात्यातल्या वरिष्ठाला करावा तसा.

ऑगस्टच्या शेवटी आई-बाबा परत गेले. जाण्याआधी बाबांनी मला एक काम सांगून ठेवलं होतं. तेओफिलरावांचं सेवापुस्तक त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं आणि त्यात शेवटची नोंद नव्हती. निवृत्त, बडतर्फ, मयत, काहीच नाही. "असं पुस्तक उघडं ठेवत नाहीत," ते म्हणत राहिले. "त्या बोरूत्स्काबाईंना विचार."

मी विचारलं. नोव्हेंबरमध्ये त्यांचा मेल आला आणि मी लगेच घरी फोन लावला.

"बाबा, तेओफिलराव वाचले. पाच वर्षं छळछावणीत होते. पंचेचाळीसमध्ये सुटले. पण त्यांना नगरपालिकेत परत घेतलं नाही."

"मग?"

"दुसऱ्या गावी गेले. एकसष्ट साली वारले. तोपर्यंत लाकडाच्या वखारीत होते."

"वखारीत काय करत होते?"

मी मेल परत वाचला. "हजेरी लिहायचे. आणि आवक-जावक."

"लिहायचेच ना? ओझी नाही ना उचलायला लावली?"

"नाही. लिहायचेच."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले. "तारीख सांग, मी लिहून घेतो."